वैर असताना बोलायचे कसे? : समुद्रावरची रेघ आणि कैद्यांची यादी



आज मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मनोरीत उतरलो. खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. बोटीत बाजार करून परतणाऱ्या कोळणी होत्या, शाळकरी मुलं होती, दोन-चार मोटारसायकली होत्या. कुणी कुणाला जात, धर्म, गाव विचारलं नाही. बोट एका बाजूला कलू नये म्हणून मात्र सगळे जरा सरकून बसले. आजच्या विषयाला हे पुरेसं आहे असं आम्हाला वाटलं, पण आयोजकांनी तासभर बोलायला सांगितलं आहे!

विषय मोठा आहे : शांततामय सामायिक भविष्यासाठी जागतिक संवाद आणि सहकार्य. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मोठ्या शब्दांचं आम्हाला वावडं नाही. पण अनुभव असा, की या विषयावरचा वक्ता पहिल्या पाच मिनिटांत विश्वबंधुत्वावर येतो, श्रोते माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर पार्किंगच्या जागेवरून शेजाऱ्याशी बोलणं बंद असतं ते बंदच राहतं. म्हणून आज उलट्या टोकाकडून सुरुवात करू. ज्यांच्यात प्रेम आहे त्यांनी संवाद करावा यात सांगण्यासारखं काही नाही. प्रश्न असा आहे : जिथे प्रेम नाही, विश्वास नाही, उलट वैर आहे, तिथे बोलायचं कसं? आणि का?

बोलण्याचे प्रकार

आपल्या न्यायदर्शनात गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला 'वाद'. आज आपण हा शब्द भांडण या अर्थाने वापरतो, पण मूळ अर्थ फार चांगला आहे : दोघांनी मिळून सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. दुसरा 'जल्प', म्हणजे फक्त जिंकण्यासाठी बोलणं. तिसरा 'वितंडा', म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं खोडत राहायचं. रात्री नऊच्या टीव्हीवर काय चालतं ते यात कुठे बसतं, हे आम्ही सांगायला नको.

राष्ट्राराष्ट्रांतल्या संवादाची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांसमोर पहिला प्रकार असतो. दोन नेते समोरासमोर बसतील, मनं मोकळी करतील, गैरसमज दूर होतील. तसं क्वचित होतंही. पण या तिघांपलीकडे बोलण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्याला आम्ही साध्या भाषेत 'व्यवहाराचं बोलणं' म्हणतो. त्यात सत्य शोधायचं नसतं आणि जिंकायचंही नसतं. तुझं माझं पटत नाही, पटणारही नाही कदाचित, पण अमुक एका गोष्टीत दोघांचीही हानी होते, तेवढी टाळायची व्यवस्था करू, इतकंच. जगातली शांतता जितकी म्हणून टिकून आहे, तिच्यातला मोठा भाग या चौथ्या प्रकारावर उभा आहे, असं आमचं म्हणणं आहे.

हे किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही. शेताला बांध घालता येतो, समुद्राला येत नाही. इकडे उत्तन, वसईच्या बाजूचे मच्छीमार डोल जाळ्याने मासेमारी करतात. ती जाळी प्रवाहात ताणून उभी करायला समुद्रात ठरावीक जागी खुंट रोवावे लागतात, त्याला 'कव' म्हणतात. वर सातपाटी, डहाणूच्या बाजूचे मच्छीमार सोडत्या जाळ्यांनी मासेमारी करतात, आणि त्यांच्या वाटेत कवी आल्या की त्यांची जाळी अडकतात, फाटतात. या कवींचा तंटा कित्येक वर्षांचा आहे. हमरीतुमरी झाली, निवेदनं झाली, बैठका झाल्या. दोन्हीकडे कोळीच, देव तेच, नारळी पौर्णिमा तीच, आणि तरी भांडण आहे. म्हणजे माणसं सारखी असली की तंटा होत नाही, ही समजूत पहिल्यांदा सोडून द्यावी. तंटा होणारच. प्रश्न आहे तो तंट्यासाठी बसायची जागा आहे की नाही, एवढाच.

मुंबईत काढलेली रेघ

आता हेच जरा मोठ्या पाण्यात नेऊ. कच्छ आणि सिंध यांच्या मध्ये सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. हद्द खाडीच्या मधून जाते असं भारत म्हणतो, पूर्व काठावरून जाते असं पाकिस्तान म्हणतं. या भांडणाचा कागद कुठला आहे ठाऊक आहे? मुंबईचा. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता. कच्छचे राव आणि सिंधचं प्रशासन यांच्यातल्या तंट्यावर मुंबई सरकारने १९१४ साली ठराव केला. त्या एकाच ठरावाचा आणि त्याच्या नकाशाचा अर्थ दोन देश आज दोन प्रकारे लावतात. खाडीचं तोंड कुणाकडे किती, हे ठरत नाही तोवर तिथून पुढे समुद्रात जाणारी हद्दही ठरत नाही. २००७ साली दोन्ही देशांनी मिळून खाडीची पाहणी केली, तरी निर्णय झाला नाही.

आता या न ठरलेल्या रेघेजवळ मासळी भरपूर. मासळीला पासपोर्ट लागत नाही. तिच्या मागे बोट जाते, कधी इंजिन बंद पडून वाहत जाते, कधी तांडेल जाणूनबुजून थोडा पुढे जातो, हेही खरं. आणि मग पकडापकडी होते. आपले मच्छीमार कराचीच्या तुरुंगात, त्यांचे मच्छीमार गुजरातच्या तुरुंगात.

यात आपल्या महाराष्ट्राचं काय, असं कुणी म्हणेल. पालघर, डहाणू, तलासरी या भागांतले कितीतरी तरुण, त्यांत आदिवासी पुष्कळ, ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून हंगामाला जातात. बोट त्यांची नसते, दिशा ते ठरवत नाहीत, पण पकडले ते जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याच्या 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात जो मच्छीमार मेला तो पालघर जिल्ह्यातला होता. तेव्हा ही रेघ दिसते तितकी लांब नाही.

वर्षातून दोनदा

२१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एक करार केला. त्याचं नाव कुणाला आठवत नाही, कारण त्याच्या सहीच्या वेळी मिठ्या मारल्या गेल्या नाहीत. करार असा : दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी, एकमेकांच्या देशाचे जे नागरिक आपल्या तुरुंगात आहेत त्यांची यादी द्यायची आणि घ्यायची. पकडलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या आत त्याच्या वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट मिळाली पाहिजे. शिक्षा संपली आणि तो खरोखर त्या देशाचा नागरिक आहे याची खात्री पटली, की एका महिन्यात त्याला घरी पाठवायचं.

आता २०२५ चं उदाहरण घ्या. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. सिंधू पाणी करार स्थगित झाला, अटारीची सीमा बंद झाली, मे महिन्यात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. दोन देशांत जे जे बंद करता येईल ते बंद झालं. आणि १ जुलैला काय झालं? यादी दिली गेली आणि घेतली गेली. भारताने ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमारांची नावं दिली. पाकिस्तानने ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमारांची नावं दिली. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर, चार ओळींत होती.

असाच आणखी एक करार आहे, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा. तो ३१ डिसेंबर १९८८ चा. १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी अणुकेंद्रांची यादी दिली-घेतली जाते. मध्ये कारगिल झालं, संसदेवरचा हल्ला झाला, २६ नोव्हेंबर झाला. यादी चुकली नाही.

आम्ही निवृत्तीच्या अलीकडे वर्गात हे सांगितलं तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, पण यादीने होतं काय? माणूस तर तुरुंगातच राहतो ना?" प्रश्न रास्त होता, आणि आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. तासाला घंटा वाजली म्हणून सुटलो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की आम्ही तो प्रश्न दिल्ली-इस्लामाबादच्या जागेवरून बघत होतो. डहाणूच्या एखाद्या पाड्यावरून बघितला की उत्तर सोपं आहे. बोट परत आली नाही. वादळात बुडाली, की पकडली गेली? घरी बायको आहे, तिने कपाळाचं कुंकू ठेवायचं की पुसायचं? यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे. आणि ज्याचं नाव दोन सरकारांनी एकमेकांना लिहून दिलं, त्याला गुपचूप नाहीसा करणं अवघड होतं. एका ओळीत एवढी ताकद असते.

कठीण आक्षेप

आता मुंबईत बसून हे बोलताना एक आक्षेप टाळता येणार नाही, टाळूही नये. १० माणसं समुद्रातूनच आली होती. त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावली आणि तिच्यावरच्या खलाशांना मारलं. म्हणजे २६/११ चे पहिले बळी मच्छीमारच. बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले, आणि पुढे या शहरात १६६ माणसं मारली गेली. ज्यांचं कुणी गेलं असेल असा माणूस आज इथे बसलेला असू शकतो. तो विचारेल, "अशांच्या देशाशी कसलं बोलणं?"

आम्ही याला तीन गोष्टी सांगू. एक, बोलणं म्हणजे बक्षीस नव्हे. यादी दिल्याने हल्ला करवणाऱ्याला काही मिळत नाही. आपला खलाशी मात्र सापडतो. दोन, बोलणं म्हणजे माफी नव्हे. कसाबवर खटला चालला, त्याला वकील दिला गेला, पुरावा तपासला गेला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी झाली. त्याच काळात दरवर्षी याद्याही जात होत्या. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही. तीन, कोणत्या वेळी व्यापार थांबवायचा, सामने थांबवायचे, चर्चा थांबवायच्या, हा सरकारने परिस्थिती बघून ठरवायचा भाग आहे. तिथे आमचं तुमचं मत वेगळं असू शकतं. पण ज्या बोलण्यात तिसऱ्याच, निरपराध माणसाचा जीव अडकला आहे, ते बोलणं रागाच्या यादीत घालू नये. राग खरा असतो, पण त्याची किंमत बहुधा राग नसलेला माणूस भरतो.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. सुरुवातीलाच तो सांगतो, की हे नाव एका डच खानावळीच्या पाटीवर होतं, आणि पाटीवर चित्र होतं स्मशानाचं! म्हणजे शाश्वत शांतता म्हटलं की लोक हसणार, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याने उपदेश केला नाही. पुस्तक चक्क तहाच्या मसुद्यासारखं कलमं पाडून लिहिलं. त्यातलं एक कलम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं : युद्ध चालू असतानाही असं काही करू नका, की ज्यामुळे पुढे तह करताना एकमेकांवर विश्वास ठेवणंच अशक्य होईल. विषप्रयोग, मारेकरी पाठवणं, शरणागतीच्या अटी मोडणं, ही त्याची उदाहरणं. म्हणजे शांततेची तयारी शांतता आल्यावर करायची नसते. ती वैरातच करून ठेवावी लागते.

हे कांटने लिहिण्याआधी ५६ वर्षं, याच किनाऱ्यावर त्याचा दाखला घडला होता. मनोरी-गोराईपासून वर गेलं की याच बेटावर धारावीचा किल्ला आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. मे महिन्यात वसई पडली. मराठ्यांची फार माणसं कामी आली होती, सूड घ्यायला कारण कमी नव्हतं. पण शरण आलेल्या पोर्तुगीज सैन्याला बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिलं, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना धर्माची मोकळीक तहात लिहून दिली. आज या बेटावर ईस्ट इंडियन मंडळींची जुनी गावं आहेत. चर्चमध्ये जातात, घरात मराठी बोलतात. तह पाळला जाण्याचा अर्थ हा असतो. तो पावणेतीनशेहून अधिक वर्षांनीही गल्लीतून चालताना ऐकू येतो.

पुढे काय करता येईल

यादी पुरेशी आहे असं आम्ही म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानकडे मागणी केली ती अशा १५९ मच्छीमार आणि नागरी कैद्यांच्या सुटकेची, ज्यांची शिक्षा संपलेली होती. करारात एक महिना लिहिला आहे, तरी माणसं आत आहेत. म्हणजे करार आहे, अंमल अर्धा आहे. २०१४ पासून २,६६१ भारतीय मच्छीमार पाकिस्तानातून घरी आले, हेही खरं आहे. पण बरेचदा ही सुटका दोन्ही सरकारांचं हवामान बघून होते. कैद्याचा महिना कॅलेंडरवर मोजला जावा, राजकारणावर नव्हे.

करण्यासारखं अशक्य काही नाही. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ साली नेमली होती. ते एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत, आजारी कोण, वेडसर कोण, शिक्षा कुणाची संपली, हे पाहत. २०१३ नंतर ते काम थांबलं. ते पुन्हा सुरू करता येतं. दोन्ही देशांच्या तटरक्षक यंत्रणांत संपर्क ठेवण्याचा समझोता २००५ सालीच झालेला आहे. चुकून आलेल्या बोटीला समज देऊन परत फिरवण्यासाठी तो वापरता येतो. शिवाय १९८२ चा समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करार दोन्ही देशांनी मान्य केलेला आहे. त्यात म्हटलं आहे, की किनाऱ्याजवळच्या प्रादेशिक पाण्यापलीकडच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला, तर वाजवी हमी घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडावीत, आणि त्या दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. हा कायदा कुणा संताने लिहिलेला नाही. आपापल्या मासळीवर डोळा असलेल्या देशांनीच वर्षानुवर्षं घासाघीस करून लिहिला.

आणि समुद्रावरची रेघ ठरूच शकत नाही असंही नाही. बांगलादेशाशी आपला असाच तंटा होता. तो लवादाकडे गेला. जुलै २०१४ मध्ये निकाल लागला, आणि वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४०० हून अधिक बांगलादेशाकडे गेले. मोठा देश आपण, आणि आपण तो निकाल मानला. त्याने आपण लहान झालो का? आम्हाला तरी वाटत नाही. तिथल्या तांडेलाला आता आपली हद्द कुठे संपते हे ठाऊक आहे.

इथून जवळच, गोराईला, विपश्यना पॅगोडा आहे. २६/११ नंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २००९ रोजी, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ब्रह्मदेशातून आलेली साधना, त्याच देशातल्या श्वेडगॉन पॅगोड्याचं रूप, आणि आत एकही खांब नसलेलं, हजारो माणसं बसतील असं दालन. आतल्या शांततेची ती जागा आहे आणि तिचं मोल आम्ही कमी लेखत नाही. रागावर ताबा नसलेला माणूस टेबलावर फार वेळ बसू शकत नाही. पण डोळे मिटून झाल्यावर उघडावे लागतात, आणि समोर कागद असतो. त्यावर नाव लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. दोन्ही कामं लागतात. एकाने दुसऱ्याची सुटी होत नाही.

तुम्ही-आम्ही काय करायचं? आपण राजदूत नाही. पण दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला ती चार ओळींची बातमी शोधून वाचायची, आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला की घटला ते बघायचं, आणि आपल्या निवडून दिलेल्या माणसाला त्याबद्दल विचारायचं, एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे. ज्या गोष्टीची कुणी चौकशी करत नाही ती गोष्ट सरकारी टेबलावर खाली खाली जाते. आणि पार्किंगवरून ज्या शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे, त्याच्याशी मैत्री करा असं आम्ही म्हणणार नाही. पण रात्री-अपरात्री त्याच्या घरी कुणी आजारी पडलं तर कुणाची गाडी काढायची, तेवढं ठरवून ठेवा.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ, पण बेताने. पलीकडे परतायची शेवटची बोट आमची वाट बघणार नाही.